यादीतलं मूल

युनिसेफमध्ये किंवा ‘सेव्ह द चिल्ड्रेन’मध्ये नोकरी करतो म्हटलं की पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे लशींची पेटी, दुधाची पावडर, तंबू आणि शेजारी उभी पांढरी जीप येते. त्याच संस्थांमध्ये ‘सामाजिक संरक्षण’ विभागात असलेल्या माणसाचा दिवस मात्र अर्थ मंत्रालयाच्या व्हरांड्यात, एक्सेलच्या तक्त्यांत आणि कुठल्या तरी जिल्हा कचेरीतल्या नोंदवहीत जातो. तो नेमकं काय करतो असं कुणी खोदून विचारलंच, तर खरं उत्तर एवढंच की तो याद्या करतो. कुठल्या घरात किती वयाचं मूल आहे, त्याचा जन्मदाखला आहे का, पैसे कुणाच्या हाती द्यायचे, ते कुठल्या खिडकीवर मिळणार आणि नाव राहून गेलं तर आईने कुणाचं दार ठोठवायचं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गरीब देशांतल्या मुलांच्या नावे जी रोख अनुदानं सुरू झाली, त्यांची यशापयशं बहुतेक या याद्यांत सापडतात.

आढाव्याची सुरुवात मात्र जिथे या संस्थांचा फारसा हात नव्हता तिथून करायला हवी. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेत एकट्या आईला आणि तिच्या मुलांना सरकारी निर्वाहभत्ता मिळत असे. पण तो गोऱ्या, भारतीय आणि मिश्रवंशीय घरांत. आफ्रिकी घरांपर्यंत तो जवळजवळ पोचतच नव्हता. सत्तांतरानंतर हाच भत्ता सगळ्यांना द्यायचा तर तिजोरी पुरणार नव्हती. १९९५मध्ये फ्रान्सी लंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने जुना भत्ता मोडीत काढून त्याजागी लहान रकमेचं, पण सर्व वर्णांच्या गरीब मुलांना मिळणारं अनुदान सुचवलं. आधी ज्या बायकांना जास्त पैसे मिळत होते त्यांचे बंद होणार, म्हणून समितीवर टीका झाली आणि ती अगदीच चुकीची नव्हती. एप्रिल १९९८मध्ये सात वर्षांखालच्या मुलांसाठी महिना १०० रँडने सुरुवात झाली. नियम असा केला की पैसा मुलामागे जाईल: आई असो, आजी असो, मावशी असो, जी त्याला रोज सांभाळते तिच्या हाती. खाणी-कारखान्यांपायी घरं विखुरलेल्या त्या देशात हे कलम सोन्यासारखं ठरलं. वयाची मर्यादा वाढत वाढत २०१२पर्यंत १८ वर्षांवर गेली. आज १ कोटी ३० लाखांहून अधिक मुलांच्या नावे हे अनुदान निघतं. रक्कम २०२५मध्ये ५६० रँड झाली, महागाईच्या मानाने कमीच. पण ते रद्द करण्याची भाषा तिथला कुठलाही पक्ष सहज करणार नाही.

उत्तरेकडच्या देशांत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. एड्सने आई-बाप नेलेली मुलं गावोगावी आजी-आजोबांच्या गळ्यात पडली होती. केनियात २००४मध्ये युनिसेफच्या मदतीने क्वाले, गारिसा आणि नैरोबीतल्या ५०० घरांपासून अनाथ व निराधार मुलांसाठी अनुदान सुरू झालं; पुढे ते तीन लाखांवर कुटुंबांपर्यंत गेलं. मलावीत म्चिंजी जिल्ह्यात २००६मध्ये असाच प्रयोग झाला. तिथे गावातली सर्वांत गरीब आणि कमावता हात नसलेली दहा टक्के घरं गावसमितीनेच निवडायची होती. ऐकायला सोपं वाटतं. पण जिथे जवळपास सगळेच एका पातळीवर उपाशी आहेत, तिथे दहावं घर आत आणि अकरावं बाहेर का, हे त्या समितीतल्या शेतकऱ्याने शेजाऱ्याला कसं सांगायचं? एजन्सीचे तज्ज्ञ विमानाने परततात, तो मात्र त्याच विहिरीवर पाणी भरतो.

यावर उतारा म्हणून गुणांकन आलं. छप्पर पत्र्याचं की गवताचं, शेळ्या किती, रेडिओ आहे का, घरातलं कोण किती शिकलंय. या उत्तरांना गुण देऊन घर गरीब आहे की नाही हे सूत्राने ठरवायचं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवं वाटू नये. आपल्याकडच्या २००२च्या दारिद्र्यरेषेच्या यादीत तेरा निकष होते, त्यात अंगावर घालायला कपड्यांचे जोड किती हाही एक. त्या यादीवरून ग्रामसभांत झालेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आफ्रिकेतली सूत्रं समजावून सांगावी लागत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे. लहान मुलांच्या बाबतीत हा नेमकेपणाचा हव्यास महागात पडतो. गरीब घर दर हंगामाला बदलतं, सूत्र पाच-पाच वर्षं तेच राहतं आणि ज्याला आज गरज आहे ते मूल तोवर शाळेच्या वयाचं होतं.

झांबियाने २०१०मध्ये म्हणूनच वेगळं करून पाहिलं. कलाबो, कापुटा आणि शांगोम्बो या तीन मागास जिल्ह्यांत पाच वर्षांखालचं मूल असलेल्या प्रत्येक घराला अनुदान; श्रीमंत-गरीब पाहायचंच नाही, कारण तिथे श्रीमंत शोधूनही सापडला नसता. सोबत अडीच हजार घरांचा काटेकोर तुलनात्मक अभ्यास झाला. असे अभ्यास आफ्रिकेतल्या अनेक देशांत युनिसेफ, अन्न व कृषी संघटना आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांनी मिळून केले. त्यांचा खरा वाचक एकच होता, अर्थमंत्री. त्याच्या तीन शंका सगळीकडे सारख्याच: बाप दारू पिणार, आई काम सोडणार, आणि पैशासाठी आणखी मुलं होणार. तिन्हींना आधार सापडला नाही. पैसा आधी ताटात गेला, मग शेळ्या-कोंबड्यांत, बियाण्यांत, वह्या-गणवेशात. केनियात अनुदान मिळणाऱ्या घरांतल्या किशोरींमध्ये लवकर गर्भ राहण्याचं प्रमाण कमी आढळलं, ज्याची कुणी सुरुवातीला अपेक्षाही केली नव्हती. झांबिया सरकारने २०१४च्या अर्थसंकल्पात स्वतःची तरतूद कित्येक पटींनी वाढवली. अहवालांनी एखादा मंत्री हलल्याची उदाहरणं मोजकीच असतात. हे त्यातलं एक.

नेपाळची कहाणी मला सर्वांत जवळची वाटते, आणि ती नुसती नकाशापुरती जवळ नाही. २००९मध्ये तिथल्या सरकारने बाल अनुदान सुरू केलं: कर्णाली अंचलातल्या पाच जिल्ह्यांत पाच वर्षांखालच्या सर्व मुलांना, बाकी देशात गरीब दलित कुटुंबांतल्या मुलांना, एका आईच्या दोन मुलांपर्यंत, मूलपाठी महिना २०० नेपाळी रुपये. आपले सव्वाशे. पैसे चार महिन्यांनी एकदम मिळायचे, गाव विकास समितीच्या सचिवाकडून. हा सचिव गावात असायचाच असं नव्हतं; यादवीच्या काळात बरेचसे जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन राहिले होते. हुमला जिल्ह्याच्या सदरमुकामी, सिमीकोटला, तेव्हा मोटाररस्ता नव्हता. वाटपाच्या दिवशी पाठीवर पोर बांधून डोंगर उतरलेल्या बाईच्या हातात ओळखपत्र, सचिवापुढे नावांची वही, शाईचा पॅड, अंगठा, आणि ८०० रुपये. त्यातून तांदूळ, तेल, मीठ, एखादं औषध आलं. एवढ्या पैशात कुपोषण हटेल ही अपेक्षाच भाबडी होती आणि अभ्यासकांनी तसं लिहूनही ठेवलं.

पण एक गोष्ट घडली. अनुदानाला जन्मदाखला लागे. ३५ दिवसांत केलेली नोंद फुकट, त्यानंतर दंड. एरवी या दाखल्याची कर्णालीत कुणाला पडलेली नव्हती. आता लोक तो मागायला स्वतःहून येऊ लागले. युनिसेफच्या नेपाळ कार्यालयाने नोंदणीच्या मोहिमांना मदत केली. ज्यांच्याकडे दाखला नव्हता ती मुलं मात्र बाहेरच राहिली, आणि ती बहुधा सर्वांत गरीब घरातली होती. अट घालून नोंदणी वाढवायची की आधी नोंदणी करून मग अट घालायची, हा वाद त्या क्षेत्रात अजून मिटलेला नाही.

मग २५ एप्रिल २०१५चा भूकंप आला. बाहेरून आलेल्या संस्था लाभार्थी शोधायला निघाल्या असताना युनिसेफने सरकारकडच्या तयार याद्या वापरल्या. वृद्ध, विधवा, अपंग आणि बाल अनुदान घेणाऱ्या १९ जिल्ह्यांतल्या ४ लाखांहून अधिक लोकांना नेहमीच्याच खिडकीवरून ३,००० रुपये जादा मिळाले. मात्र भूकंपग्रस्त जिल्ह्यांत बाल अनुदान दलितांपुरतंच असल्यामुळे बाकीची मुलं या यादीत नव्हती. दुसऱ्या टप्प्यात म्हणूनच सर्वाधिक फटका बसलेल्या जिल्ह्यांतली पाच वर्षांखालची सगळी मुलं घ्यावी लागली.

यादीचा दुसरा टोकाचा अनुभव येमेनचा. तिथल्या समाजकल्याण निधीकडे सुमारे १५ लाख गरीब कुटुंबांची नावं होती. २०१५मध्ये युद्ध पेटलं आणि पैसे थांबले. २०१७मध्ये जागतिक बँकेने पैसा दिला आणि युनिसेफने २०१४च्या त्याच गोठलेल्या यादीवर वाटप पुन्हा सुरू केलं, सुमारे ९० लाख माणसांसाठी. दोन सरकारं, दोन चलनदर, बंद रस्ते. नवी नावं घालायची तर प्रत्येक बाजू आपली माणसं घुसवणार, म्हणून यादीला हातच लावायचा नाही असं ठरलं. निर्णय शहाणपणाचा होता. पण युद्धात जन्मलेली कित्येक मुलं आणि युद्धामुळे नव्याने भिकेला लागलेली घरं त्या यादीत येणार कशी? बालकांसाठी काम करणारी संस्था एका देशाची पेन्शन कचेरी होऊन बसली, आणि तिथून उठता येईना.

मंगोलियाबद्दल थोडक्यात. खाणींच्या पैशावर तिथे सगळ्या मुलांना अनुदान मिळू लागलं, २०१०मध्ये थांबलं, २०१२मध्ये परत आलं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाबरोबर पुन्हा गरिबांपुरतं आखडलं, आणि कोविडमध्ये परत सर्वांसाठी खुलं होऊन अनेक पटींनी वाढलं. एकाच इमारतीत नाणेनिधीचा माणूस कपात सुचवतो आणि युनिसेफचा माणूस ती टाळायला आकडेमोड करतो, हे दृश्य या पेशात नवं नाही.

आपल्याकडे अंगणवाडी १९७५पासून आहे, पण मुलाच्या नावे सरसकट रोख अनुदान नाही. महाराष्ट्रात सर्वांत जवळची म्हणजे बालसंगोपन योजना, आता सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने. महिना २,२५० रुपये. रक्कम नेपाळच्या कितीतरी पट. कोविडनंतर कित्येक विधवांनी ती पहिल्यांदा ऐकली. अर्जाला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, पासबुक, आणि राहत्या घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो. मग बालकल्याण समितीपुढे हजेरी. दुसरीकडे २०२४मध्ये लाडक्या बहिणींची दोन कोटींहून जास्त नावं काही महिन्यांत नोंदली गेली. यंत्रणेला जमत नाही असं म्हणायला मग जागा उरत नाही.

जगभरात सोळा वर्षांखालच्या सुमारे १४० कोटी मुलांना कसलंही सामाजिक संरक्षण नाही, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफने २०२४मध्ये सांगितलं. सर्वांत गरीब देशांत दहातल्या एकापेक्षाही कमी मुलाला बाल अनुदान मिळतं. त्यानंतर वर्षभरात अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड बंद पडली, ब्रिटनने मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं, आणि २०२६मधलं आपलं उत्पन्न २०२४पेक्षा किमान २० टक्क्यांनी घटेल असं युनिसेफने स्वतःच म्हटलं. लेसोथोसारख्या देशाला याची झळ तुलनेने कमी बसेल: युरोपीय संघाच्या पैशावर २००९मध्ये तिथे सुरू झालेलं बाल अनुदान २०१३पासून सरकारच्याच तिजोरीतून निघतं. बाकी ठिकाणी उरलेला पैसा आता नव्या पथदर्शी प्रकल्पांवर आणि त्यांच्या चकचकीत अहवालांवर घालवू नये. तो जिल्हा कचेरीतल्या नोंदणी कारकुनाच्या पगारावर, जन्मदाखल्यांवर आणि तक्रार ऐकणाऱ्या एका माणसावर आधी खर्च व्हावा. हे तिन्ही खर्च दात्यांच्या माहितीपत्रकात फोटोसाठी फारसे चांगले दिसत नाहीत, म्हणून आजवर ते शेवटी येत आले.