पायांनी बोलणारे वाद्य : संगीत रंगभूमीचा ऑर्गन आणि रॉकचा हॅमंड

बोटाचा जोर ज्याला कळत नाही असे एक वाद्य मराठी संगीत नाटकाने अनेक पिढ्या गायक नटांच्या पुढ्यात ठेवले, आणि तशाच दुसऱ्या एका वाद्याने 1960 व 1970च्या दशकांत ब्रिटन-अमेरिकेतील रॉक संगीताला भारदस्तपणा दिला. पहिले वाद्य म्हणजे पायांनी भाता चालवायचा रीड ऑर्गन आणि दुसरे म्हणजे विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन. पियानोची पट्टी जोराने दाबली तर सूर मोठा येतो. ऑर्गनची पट्टी अलगद दाबली काय किंवा तिच्यावर मूठ आपटली काय, सूर तेवढाच येतो. त्यामुळे सुराला चढवणे, उतरवणे आणि जिवंत ठेवणे हे सारे काम या दोन्ही वाद्यांत हातांकडून काढून पायांकडे दिलेले आहे, आणि या वाद्यांच्या वादकांची थोरवी बहुतेक वेळा श्रोत्यांच्या नजरेआडच्या या भागात दडलेली असते.

रीड ऑर्गनचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. अलेक्झांद्र दबँ या फ्रेंच कारागिराने 1842मध्ये पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत बोस्टनची मेसन अँड हॅमलिन आणि व्हरमाँटमधील एस्टी या कंपन्यांनी त्याच तत्त्वाचे, परंतु उलट्या वाऱ्याचे ऑर्गन मोठ्या संख्येने बनवले, आणि मिशनऱ्यांच्या व लष्करी छावण्यांच्या प्रार्थनामंदिरांमार्फत असे ऑर्गन हिंदुस्थानात पोहोचले. नाशिकच्या परिसरात शरणपूर आणि देवळाली अशी ही दोन्ही प्रकारची ठिकाणे होती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने भाता हलवायची पेटी रूढ केली आणि ती बैठकीत शिरली. रंगमंचाने मात्र दोन्ही हात मोकळे ठेवणारी पायपेटी आणि तिच्याहून भरदार असा ऑर्गन पसंत केला.

‘उलटा वारा’ हा या यंत्राचा गाभा असल्याने तो नीट समजून घ्यायला हवा. हार्मोनियममध्ये भात्यातली हवा दाबली जाते आणि ती पितळी जिभांमधून, म्हणजे रीडमधून, बाहेर पडते. अमेरिकन ऑर्गनमध्ये दोन्ही पायांखालच्या पावट्या आळीपाळीने दाबल्या की पेटीतली हवा बाहेर ओढली जाते, आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरची हवा रीडमधून आत शिरताना सूर उमटतो. मधल्या साठवण-भात्याच्या स्प्रिंगा ही ओढ सारखी राखतात, म्हणून या सुरात हार्मोनियमची धार कमी आणि गोलाई अधिक असते. पट्ट्यांच्या वर ओढायच्या खुंट्या असतात. त्यांना स्टॉप म्हणतात आणि कोणत्या रीडपंक्तीने बोलायचे हे त्या ठरवतात. गुडघ्यांच्या पातळीवर दोन लाकडी दांडे असतात. एक बाजूला रेटला की रीडवरची झडप उघडून आवाज फुलतो, दुसरा रेटला की सगळ्या पंक्ती एकदम बोलू लागतात. म्हणजे वादकाची दहा बोटे चाल वाजवत असताना त्याचे तळपाय श्वास पुरवत असतात आणि गुडघे भावना सांभाळत असतात. या यंत्रातला सर्वांत लोभस भाग ‘व्हॉक्स ह्युमाना’ नावाच्या स्टॉपमागे असतो. तो ओढला की ऑर्गनच्याच वाऱ्यावर एक छोटा पंखा फिरू लागतो, त्याची पाती रीडवरची वाट क्षणोक्षणी झाकतात आणि उघडतात, आणि सुराला मानवी गळ्यासारखा कंप मिळतो. असा कंप षड्जावर स्थिर उभ्या राहणाऱ्या गायकाला सोयीचा नाही हे खरे. पण वाऱ्यावरच फिरून वाऱ्यालाच कापणाऱ्या या पंख्याच्या कल्पकतेला दाद द्यावीच लागते.

नाशिकमध्ये संगीत नाटकाचा विषय निघाला की विजयानंद नाट्यगृह आठवते, आणि तेही बहुधा गाण्यामुळे नव्हे. 21 डिसेंबर 1909 रोजी तेथे किर्लोस्कर नाटक मंडळीचा ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता; त्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि इतिहासाची पुस्तके साहजिकच त्या गोळ्यांपाशी थांबतात. संगीताच्या अभ्यासकाने मात्र त्याच मंडळीचा माग पुढची चार वर्षे काढायला हवा, कारण 1913मध्ये बालगंधर्व, गणेशपंत बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी तिच्यातून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. टेंबे स्वतः नामवंत पेटीवादक होते. या मंडळीच्या पुढच्या वैभवकाळात तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे अशी साथ बालगंधर्वांना लाभली. एकीकडे गळ्याच्या जवळात जवळ जाणारी सारंगी आणि दुसरीकडे गळ्याची मींड, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाण्याची क्रिया, मुळीच करू न शकणारा ऑर्गन, ही जोडी वरवर पाहता विजोड दिसते. प्रत्यक्षात दोघांची कामे वेगळी होती: सारंगी गळ्याच्या वळणांमागे जाई आणि ऑर्गन मोठ्या नाट्यगृहात, ध्वनिवर्धकाशिवाय, सुराची जमीन धरून ठेवी.

नाटकाला ऑर्गन हवा असण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते फारसे सांगितले जात नाही. एका प्रयोगात स्त्रीभूमिका करणारा नट, नायक आणि खलनायक हे तिघेही गातात, आणि प्रत्येकाचा षड्ज निराळा असतो. कोणाची काळी एक, तर कोणाची पांढरी चार. दर पदाला तंबोरा नव्याने लावत बसायला नाटकात सवड नसते. ऑर्गनचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे कोणतीही पट्टी षड्ज मानून लगेच पद सुरू करता येते. या सोयीची किंमत गांधार आणि धैवत देतात. सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग केले (त्यांना सेंट म्हणतात), तर नैसर्गिक शुद्ध गांधार षड्जापासून सुमारे 386 सेंटवर येतो आणि ऑर्गनचा गांधार 400वर. म्हणजे तो 14 सेंट चढा राहतो. कुशल साथीदार या खटकणाऱ्या स्वरांवर फार वेळ थांबत नाही, गायक तेथे विसावला की तो षड्ज-पंचमाचा आधार देतो आणि गळ्याला स्वतःचा गांधार शोधू देतो. मींडेची उणीवही तो अशीच भरून काढतो. मागची पट्टी पूर्ण सुटण्याआधी पुढची दाबून दोन सुरांचा सांधा तो बुजवतो. गोविंदराव पटवर्धनांच्या वादनात ही कला कळसाला पोहोचली होती. पेटी आणि ऑर्गन या दोन्ही वाद्यांवर त्यांचे असे प्रभुत्व होते की नाट्यपदाचे शब्ददेखील ऐकू आल्याचा भास श्रोत्यांना होत असे. साथ म्हणजे मागून येणे, ही समजूत अशा वादनापुढे टिकत नाही.

स्वातंत्र्यानंतर संगीत नाटकाने उभारी घेतली त्यातही नाशिकचा वाटा आहे. येथील हं.प्रा.ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे वसंत कानेटकर यांचे ‘मत्स्यगंधा’ 1964मध्ये आणि ‘लेकुरे उदंड जाली’ 1966मध्ये रंगभूमीवर आले, आणि दोन्ही नाटकांना जितेंद्र अभिषेकी यांनी संगीत दिले. पदे आता आटोपशीर झाली होती, आणि ‘लेकुरे’त तर बोलणे आणि गाणे यांच्यातली भिंतच पातळ केलेली होती, त्यामुळे साथीदाराला संवाद चालू असतानाच, प्रेक्षकाचे लक्ष विचलित न करता, गायकाच्या कानात सूर सोडून ठेवणे भाग पडले. हे काम प्रामुख्याने पायाचे आणि गुडघ्याचे आहे.

नेमकी हीच गुणवत्ता रॉकच्या उत्तम ऑर्गनवादनात ऐकू येते. लॉरेन्स हॅमंड यांनी 1935मध्ये बाजारात आणलेल्या वाद्यात रीड नाहीत आणि वाराही नाही. 91 दातेरी चाके एका मोटरवर फिरतात आणि प्रत्येकाजवळच्या चुंबकाच्या गुंडाळीत आपल्या स्वराचा विद्युतप्रवाह उमटवतात. प्रार्थनामंदिरांना स्वस्त पर्याय म्हणून विकले गेलेले हे यंत्र जॅझमधून रॉकमध्ये आले. पट्टी दाबताच तिच्याखालचे नऊ संपर्क किंचित पुढेमागे जुळतात आणि एक टिचकी ऐकू येते. अभियंत्यांना जो दोष वाटला तोच वादकांना ताल देणारा गुण वाटला. हॅमंडला जोडल्या जाणाऱ्या डॉन लेस्ली यांच्या ध्वनिपेटीत कर्णा प्रत्यक्ष गोल फिरतो आणि सुराला कंप देतो. ‘व्हॉक्स ह्युमाना’च्या पंख्याचाच हा धाकटा भाऊ म्हटला पाहिजे. जॉन लॉर्ड यांनी डीप पर्पलच्या ‘इन रॉक’ (1970) आणि ‘मशीन हेड’ (1972) या अल्बमांत हॅमंडचा आवाज इतका खरखरीत केला की तो गिटारशी बरोबरीने भांडू लागला; ‘मशीन हेड’मधील ‘लेझी’ची सुरुवात लक्ष देऊन ऐकली तर सूर फुगवणारा त्यांचा उजवा पाय डोळ्यांपुढे येतो. द डोअर्सचे रे मँझारेक यांनी हलक्या, पातळ आवाजाच्या ट्रान्झिस्टर ऑर्गनवर काम भागवले आणि मंचावर डाव्या हाताने बासही सांभाळला, तर रिक वेकमन यांनी येस या बँडच्या ‘क्लोज टू दी एज’ (1972) या अल्बमसाठी लंडनच्या चर्चमधला खराखुरा पाइप ऑर्गन ध्वनिमुद्रित केला. प्रोकोल हॅरमच्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ (1967) या गीतातील ऑर्गनची धून वाजवणारे मॅथ्यू फिशर यांना सहरचनाकार म्हणून गीताच्या उत्पन्नातला वाटा 2009मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने कायम केला. मराठी रंगभूमीच्या साथीदारांनी पदांत जे भरले त्याचा हिशेब कोणत्याही न्यायालयापुढे कधी गेला नाही, जाहिरातीतल्या शेवटच्या ओळीत नाव येण्यावरच तो मिटला.

हॅमंड भारतात फारसा रुजला नाही, आणि त्याला एक तांत्रिक कारणही होते. त्याची मोटर विजेच्या आवर्तनांशी बांधलेली असते. अमेरिकेच्या 60 आवर्तनांसाठी घडवलेले यंत्र आपल्या 50 आवर्तनांवर लावले तर सगळे वाद्य सुमारे तीन अर्धस्वरांनी उतरते. शिवाय पावट्या आणि बाकासह त्याचे वजन दोनशे किलोच्या आसपास भरते. पायांचा ऑर्गन वीज मागत नाही, पण त्याच्या अडचणी अधिक चिवट आहेत. नाशिकच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, पट्टी अडकते आणि एखादा सूर दाबल्याविना अखंड बोलत राहतो. त्यानंतरच्या कोरड्या थंडीत आणि उन्हाळ्यात तेच लाकूड आक्रसून सांधे उघडतात आणि भात्याचे कापड चिरते. नमदा कसर खाते, उरलेला नमदा उंदीर कुरतडतात. एस्टी कंपनी 1960मध्ये बंद पडली. हार्मोनियमचे रीड आजही गुजरातेत पालिताण्याला बनतात, पण ओढीच्या ऑर्गनचा रीड घडणीने आणि बसवण्याच्या रीतीने वेगळा असतो, त्यामुळे तो सरळ बदलता येत नाही. तुटलेल्या रीडच्या जागी दुसऱ्या मोडक्या ऑर्गनचा रीड बसवणे हाच बहुधा उपाय उरतो, आणि एक ऑर्गन जगवायला दुसरा मोडीत निघतो.

दौऱ्यावरच्या नाटक मंडळीने अशा स्थितीत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड उचलला तर तिला दोष देता येत नाही. तो एका माणसाला पेलतो आणि कळ दाबून षड्ज बदलतो. पण त्यातला ‘ऑर्गन’ म्हणजे कधीतरी मुद्रित केलेला, दर वेळी तसाच उगवणारा सूर असतो. गायक दमसास लांबवत असताना पाय जो आणखी थोडा वारा जपून ठेवतो, तो निर्णय त्यात नसतो. जॉन लॉर्ड यांच्या पिढीनंतर रॉकमध्येही हेच घडले, पण तेथे जुने हॅमंड दुरुस्त करणारा स्वतंत्र धंदा उभा राहिला. महाराष्ट्रात ऑर्गन वाजवणारे तरुण आहेत; टंचाई आहे ती भाता शिवणाऱ्या आणि रीडची जीभ न बिघडवता स्वरात आणणाऱ्या हातांची. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी हे काम शिकावे आणि नाट्यसंस्थांनी त्याचा मोबदला द्यावा, एवढी व्यवस्था झाली तरी बरेच ऑर्गन वाचतील.

नाशिक आणि परिसरात ज्यांच्या वाड्यात, वाचनालयात किंवा प्रार्थनामंदिरात असा ऑर्गन पडून असेल, त्यांनी तो शोभेचे टेबल म्हणून विकू नये, रीडला तेल लावू नये, जीभ घासू नये, कारण घासलेले पितळ परत येत नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पावट्या चालवाव्यात आणि पहिला पाऊस पडण्याआधी जाणत्या कारागिराला भाता दाखवून घ्यावा.