काजूच्या रानातील गोचीड आणि माकडताप

नाताळ आटोपला की पेडणे, डिचोली आणि सत्तरीच्या डोंगरउतारांवर काजूला मोहर धरू लागतो. उपवासकाळात बोंडू पिकतात आणि घरातील लहानथोर सगळे रानात दिसू लागतात. बिया वेचणे, बोंडू कोलंबीपर्यंत नेणे, जळणाची लाकडे बांधणे, पातेरा गोळा करणे ही कामे पाऊस येईपर्यंत चालतात. नेमक्या याच महिन्यांत रानातील एक क्षुल्लक दिसणारा जीव माणसाला सर्वांत जास्त धोक्याचा असतो. तो म्हणजे गोचीड. सापाला आपण भितो, म्हणून पाय जपून टाकतो. गोचिडीची मात्र कोणी दखल घेत नाही. म्हणून या वेळी तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगावे असे आम्हांस वाटले.

गोचीड कशी जगते?

गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, वाढलेल्या गोचिडीला आठ. कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातील हा जीव आहे. तिला पंख नाहीत आणि तिला उडीही मारता येत नाही. ती गवताच्या पात्यावर किंवा पाल्यावर चढते, पुढचे पाय पसरते आणि वाट पाहत बसते. जनावर किंवा माणूस जवळून गेला की श्वासाची व अंगाच्या उष्णतेची चाहूल घेऊन ती त्याला चिकटते.

अंड्यातून बाहेर पडल्यापासून ती तीन अवस्थांतून जाते आणि प्रत्येक अवस्थेत एकदाच पोटभर रक्त पिते. पावसाळा ओसरल्यावर बारीक पिल्ले उंदीर, चिचुंद्री, खार, पक्षी यांच्या अंगावर वाढतात. ती गळून पडतात, कात टाकतात आणि मधल्या अवस्थेत येतात. ही मधली गोचीड राईच्या दाण्याएवढीही नसते. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत तिचा सुळसुळाट असतो. माकडाला आणि माणसाला चावते ती मुख्यतः हीच. पावसाळ्यात मोठी झालेली गोचीड गुरांच्या अंगावर जाते, रक्त पिऊन फुगते, खाली पडून पाचोळ्यात हजारो अंडी घालते आणि मरते.

माकडतापाचा इतिहास

१९५७ साली कर्नाटकातील शिवमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलाजवळ माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. तपास केला तेव्हा एक नवा विषाणू सापडला. त्याला क्यासनूर जंगलाचे नाव मिळाले, आणि लोकांनी त्या रोगाला माकडताप म्हटले. कित्येक दशके हा रोग कर्नाटकातच होता. २०१५ साली तो गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाली गावात आढळला. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आणि २०१७ साली सावंतवाडी तालुक्यातील बांदा भागात त्याने माणसे आजारी पाडली. डिचोलीच्या एका अंगाला सत्तरी आणि दुसऱ्या अंगाला दोडामार्ग. पेडण्याहून बांदा तर हाकेच्या अंतरावर. गोचीड राज्याची वेस ओळखत नाही. तेव्हा हा रोग दुसऱ्याच्या गावचा, असे म्हणून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

माकड दोषी नव्हे

काळ्या तोंडाचे वानर आणि डोक्यावर केसांची टोपी असलेले माकड, दोघेही बोंडू, नारळ, केळी यांची नासधूस करतात. त्यात रोगालाही त्यांचेच नाव. त्यामुळे त्यांना मारून टाकावे, अशी भाषा कुठे कुठे ऐकू येते. पण विषाणू रानात टिकून राहतो तो गोचिडीमध्ये आणि उंदरांसारख्या लहान प्राण्यांमध्ये. माकडाला तो गोचिडीकडूनच होतो, आणि आपल्यापेक्षा फार जोराने होतो. म्हणून ते आधी मरते. वानर मारणे हा कायद्याने गुन्हा तर आहेच, पण त्याने रोगही थांबत नाही. उलट, मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात आणि नवे रक्त शोधू लागतात.

रानात माकड मेलेले दिसले तर तो आपल्याला मिळालेला इशारा समजावा. त्याला हात लावू नये, काठीने ढकलू नये, स्वतः पुरू किंवा जाळू नये. २०१२ साली कर्नाटकातील बंडीपूरच्या जंगलात मेलेली माकडे हाताळून जाळणारी माणसेच या तापाने आजारी पडली होती. आपण तेथून दूर व्हावे, मुलांना व गुरांना त्या बाजूला जाऊ देऊ नये आणि वनखात्याला व आरोग्य केंद्राला ताबडतोब कळवावे.

लक्षणे

गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो. कपाळ ठणकते, कंबर आणि पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात, उलट्या किंवा जुलाब होतात आणि माणूस गळून जातो. काहींच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक रोगी एक-दोन आठवड्यांत सावरतात. परंतु शंभरांतील दहा-वीस जणांना बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप उलटतो आणि मेंदूवर परिणाम होऊन भ्रम किंवा थरथर दिसते. शंभरांत तीन ते पाच रोगी दगावतात.

या विषाणूवर नेमके औषध नाही. तरीही वेळेवर इस्पितळात गेल्यास शरीरातील पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव यांवर लक्ष ठेवून रोग्याला वाचवता येते. अंगावर ताप काढणे हाच मोठा धोका आहे. अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, "आम्ही काजूच्या रानात जातो." ते न सांगितल्यास मलेरिया किंवा डेंगू समजून दिवस वाया जातात.

हा रोग माणसापासून माणसाला होत नाही. आजारी शेजाऱ्याला वाळीत टाकू नये. त्याच्या घरी पेज पोचवावी आणि त्याच्या बिया वेचून द्याव्यात. पूर्वी या रोगाची लस दिली जात असे, पण तिचा पुरेसा उपयोग होत नाही असे दिसल्याने २०२२ साली ती बंद झाली. तेव्हा आपण एकदा लस घेतली आहे, या भरवशावर कोणी राहू नये.

आपण काय करावे?

१. रानात जाताना लांब बाह्यांचा सदरा व लांब विजार घालावी आणि विजारीचे टोक मोज्यात खोचावे. फिकट रंगाच्या कपड्यावर गोचीड चटकन दिसते.

२. आरोग्य केंद्राकडून अंगाला लावायचे कीटकरोधक तेल मिळाल्यास उघड्या अंगाला लावावे.

३. पाचोळ्यावर बसू नये, आडवे होऊ नये. जेवायला मोकळा खडक किंवा झाडून घेतलेली जागा पाहावी.

४. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि साबण लावून आंघोळ करावी. काख, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, कमरेचा पट्टा, कानामागे आणि केसांत नीट पाहावे. मुलांचे अंग मोठ्यांनी तपासावे.

५. गोचीड चिकटलेली आढळल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावी. रॉकेल, चुना किंवा पेटती विडी लावू नये. नखांनी चिरडू नये. मग जागा साबणाने धुवावी.

६. चरायला जाणारी गुरे या रोगाने आजारी पडत नाहीत, पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर वाढतात. म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्याने गुरांच्या गोचिडींचा बंदोबस्त करावा. दुभत्या जनावराला औषध दिल्यावर दूध किती दिवस वापरू नये, तेही विचारून घ्यावे. रानातला पातेरा आणून घराला लागून रचू नये.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, सवय लागते. काजूचा पैसा घरात येतो तो वर्षातून एकदाच. वेचणारे हातच इस्पितळात पडले तर तो तिथेच संपतो. म्हणून सां जुआंवचा पाऊस पडून रान ओले होईपर्यंत, रोज संध्याकाळी अंग तपासण्याची ही पाच मिनिटे प्रत्येक घराने राखून ठेवावीत, एवढेच आमचे सांगणे आहे.