दुरंगी टोमॅटो थंडीतच का रंगतो?
दुरंगी टोमॅटो आडवा कापला की पिवळ्या गरात लाल फराटे दिसतात. लाल रंग लायकोपीनचा, पिवळा त्याच्याच भाऊबंद रंगद्रव्यांचा. पारा 30 अंशांच्या वर राहिला की लायकोपीन नीट तयार होत नाही, पिवळेपणा मात्र टिकतो. म्हणून शिरूर कासारसारख्या तापणाऱ्या गावच्या उन्हाळ्यात या फळाचा लाल रंग फिकाच पडणार. त्यात फुलंही गळतात, तेव्हा उन्हाळी लागवडीचा हट्ट नकोच. फळ थंडीत पिकावं म्हणून गणपतीच्या सुमारास रोप टाकावं, महिन्याभरानं मोठ्या कुंडीत लावावं. साल पातळ असते; कोरडं पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिलं की फळ तडकतं. बेताचं पाणी, पण नेमानं, बुडाशी पाचट. वाण सरळ, म्हणजे संकरित नसेल तर बी घरचंच धरा. टोमॅटो स्वपरागित, सहसा वाण बिघडत नाही. गर दोनतीन दिवस आंबवा, बी धुऊन सावलीत वाळवा.