मांसपेशीतील मूलपेशी : बीज आणि क्षेत्र

आघाताने दुखावलेली मांसपेशी कालांतराने पुन्हा भरून येते, हा आपणा सर्वांचा नित्याचा अनुभव. हे कार्य करणाऱ्या मूलपेशी अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या मांसतंतूंलगत प्रथम पाहिल्या. एरवी सुप्त असलेल्या या पेशी इजा होताच जागृत होऊन नवे मांसतंतू घडवितात.

मग त्या बाहेर वाढवून रुग्णास का देऊ नयेत? अडचण अशी की, प्लॅस्टिकच्या कठीण तबकडीत त्यांचा मूळ गुण लवकर लोपतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात हेलन ब्लाउ यांच्या प्रयोगशाळेत पेनी गिल्बर्ट यांनी पीएच.डी.नंतरच्या संशोधनकाळात या पेशी मांसाइतक्याच मऊ जेलवर वाढविल्या. उंदरांत रोपण केल्यावर त्या अधिक चांगल्या रुजल्या. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. बीजाइतकेच क्षेत्रही महत्त्वाचे, हा विचार आपणांस नवा नाही.

तथापि उंदरातील यश म्हणजे उपचार नव्हे. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा इजेवर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीपुरताच मर्यादित आहे. महागड्या ‘स्टेम सेल’ इंजेक्शनाविषयी रुग्णाने दवाखान्यात वा औषधालयात विचारल्यास, ‘ही मान्य चाचणी असेल, तर पैसे कशाचे?’ हा प्रश्न आपण त्याच्या हाती द्यावा, असे आम्हांस वाटते.