पुढून गाडी, मागून टेम्पो

नोव्हेंबर लागला, हवा जरा निवली की अमिरातीतल्या जुन्या गाड्या झाकणं काढून बाहेर पडतात. शारजाच्या विमानतळ रस्त्यावरचं क्लासिक गाड्यांचं संग्रहालय असो, की अबू धाबीच्या दक्षिणेला वाळवंटात शेख हमद यांनी उभारलेलं पिरॅमिडच्या आकाराचं संग्रहालय. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो. मुस्टँग ओळखू येते, इम्पाला कळते. पण अधूनमधून रस्त्यावर एक गाडी अशी दिसते की गावाहून आलेले आजोबा हमखास विचारतात, "अरे, ही गाडी आहे की टेम्पो?"

ती असते शेव्हरोलेची एल कॅमिनो. दारापर्यंत ऐटबाज अमेरिकन कार आणि मागे चक्क हौदा नि फाळका. आपल्या मंडळातल्या दोघातिघांना गेल्या वर्षभरात ती घ्यायचा मोह झाला, म्हणून हा लेखप्रपंच. मोह वाईट नाही. पण ही गाडी नुसती रंग आणि बिल्ला बघून घ्यायची नसते. ती कारखान्यातून बाहेर पडताना तिच्यावर काय काय बसवलं होतं, ते आधी वाचावं लागतं.

रविवारी चर्च, सोमवारी बाजार

कल्पना मूळ ऑस्ट्रेलियाची. रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी द्या, असं एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला कळवलं, अशी आख्यायिका आहे. लू बँट या तरुण डिझायनरने तशी गाडी आखली आणि १९३४ मध्ये ती बाजारात आली. अमेरिकेत फोर्डने १९५७ च्या मॉडेलसाठी रँचेरो आणली. शेव्हरोलेने १९५९ मध्ये एल कॅमिनोने उत्तर दिलं. नाव स्पॅनिश, अर्थ 'रस्ता'. दोन वर्षांत ती बंद पडली, १९६४ मध्ये शेव्हेल या मध्यम आकाराच्या गाडीच्या सांगाड्यावर परत आली आणि १९८७ पर्यंत टिकली. रँचेरो १९७९ मध्येच थांबली होती.

आपल्याकडे हाच प्रवास उलट्या दिशेने झाला. पुण्यात टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाईल हा पिकअप काढला आणि त्याच पायावर १९९१ ची सिएरा नि पाठोपाठ इस्टेट उभी केली. अमेरिकेत कारचा पिकअप झाला, पुण्यात पिकअपची कार झाली! शेव्हरोले हे नावही आपल्याला नवं नाही. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता.

यादीत काय काय असे

त्या काळी अमेरिकन माणूस गाडी विकत घेत नसे, ती 'मागवत' असे. डीलरसमोर बसून फॉर्मवर खुणा करायच्या, त्याप्रमाणे कारखाना गाडी बांधणार. प्रत्येक पर्यायाला एक कोड. त्यामुळे शेजारी शेजारी उभ्या दोन एल कॅमिनो पूर्ण वेगळ्या असू शकतात.

सगळ्यांच्या आवडीचं १९७० चं मॉडेल घेऊ. सर्वांत साधं इंजिन सहा सिलिंडरचं, २५० घनइंचाचं, १५५ अश्वशक्तीचं. त्यावर ३०७ आणि ३५० घनइंचांची व्ही-८. मग एसएस, म्हणजे 'सुपर स्पोर्ट'चं पॅकेज. झेड-२५ या कोडखाली एसएस ३९६, तर झेड-१५ खाली एसएस ४५४. (गंमत म्हणजे १९७० च्या '३९६' इंजिनाची खरी क्षमता ४०२ घनइंच होती. नाव चाललं होतं, म्हणून बदललं नाही.) ४५४ च्या एलएस-६ या सर्वांत जहाल आवृत्तीची कागदावरची ताकद ४५० अश्वशक्ती.

एसएससोबत पॉवर असिस्टवाले पुढचे डिस्क ब्रेक येत. इतरांना ड्रम ब्रेक, डिस्क हवे तर जादा पैसे. पॉवर स्टिअरिंग, एअर कंडिशनर (कोड सी-६०), टिंटेड काचा (ए-०१), मोठा रेडिएटर (व्ही-०१), एक चाक रुतलं तरी दुसऱ्याला जोर देणारं पॉझिट्रॅक्शन (जी-८०), व्हिनाइलचं छत, सलग बाकाऐवजी दोन सुट्या सीट, हे सगळं स्वतंत्र. मागचे हवा भरायचे शॉक ॲब्सॉर्बर मात्र मुळातच मिळत. हौद्यात वजन टाकलं की पंपावर हवा मारायची, मागचा भाग पुन्हा वर.

बिल्ला दोन नटांचा

आता खरी मेख. एसएस आणि साधी गाडी यांच्या किमतीत फार मोठं अंतर असतं, आणि एसएसचा बिल्ला बाजारात सुटा मिळतो. काळी जाळी, फुगीर बॉनेट, पट्टे, सगळं मिळतं. १९६८ साली एसएस हे स्वतंत्र मॉडेल होतं, त्यामुळे चासी क्रमांकाची सुरुवात १३८८० असेल तर शंका नको. १९६९ पासून एसएस नुसतं पॅकेज झालं. १९७० च्या व्ही-८ कस्टम एल कॅमिनोचा क्रमांक १३६८० ने सुरू होतो, मग ती एसएस असो वा नसो. उलट बाजूने मात्र तो पक्का पुरावा आहे. क्रमांक १३५८० असेल, तर ती सहा सिलिंडरची जन्मली. तिच्यावर एसएसचा बिल्ला असेल तर तो कुणीतरी नंतर लावलेला.

मग पुरावा कुठे? कारखान्यात जोडणी करणाऱ्यांसाठी छापलेला 'बिल्ड शीट' हा कागद पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. वॉरंटी पुस्तिकेला जोडलेली धातूची छोटी पट्टीही इंजिन आणि गिअरबॉक्स सांगते. इंजिनावर ठोकलेला क्रमांक चासीशी जुळतो का, तेही बघावं. गाडी मुळात कॅनडात विकली गेलेली असेल तर जनरल मोटर्स कॅनडाकडून तिची नोंद मागवता येते. विक्रेता "कागद नाहीत, पण अस्सल आहे" म्हणाला, तर साध्या गाडीचीच किंमत द्या.

इथल्या उन्हात कुठली बरी?

माझ्या मते एसएसच्या मागे धावायची गरजच नाही. एलएस-६ ला कारखान्याचा एअर कंडिशनर मिळतच नसे. ऑगस्टमध्ये दुबईत ४५ अंशांत ती ४५० अश्वशक्ती घेऊन काय करणार? शिवाय तिचा ११.२५ चा कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पंपावर 'सुपर ९८' शिवाय दुसरं काही नको. १९७१ पासून कंपनीने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं, तेव्हा त्या गाड्या तुलनेने सोशिक. १९७२ चे अश्वशक्तीचे आकडे लहान दिसतात, कारण मोजण्याची पद्धतच बदलली.

इथे राहणाऱ्याने यादीत शोधावं ते असं: ३५० चं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, पॉवर स्टिअरिंग, पुढे डिस्क ब्रेक, मोठा रेडिएटर, टिंटेड काचा आणि कारखान्यातच बसवलेला एसी. एसीत मूळचा आर-१२ वायू आता मिळणं कठीण, तो आर-१३४ए वर बदलून घ्यावा लागतो. व्हिनाइलचं छत दिसायला सुरेख, पण त्याखाली समुद्राची दमट हवा साठते. मागच्या काचेची खालची कड आणि हौद्याचा पुढचा सांधा बोटाने दाबून पाहा. गंज तिथे असतो.

आणि घरी विचारून घ्या. ही गाडी सव्वापाच मीटर लांब. इमारतीच्या तळघरात मावेल का, ते टेप लावून मोजा. बसायला फक्त पुढची रांग, आणि इथे १० वर्षांखालच्या मुलांना पुढे बसवायला मनाई आहे. म्हणजे पोरं लहान असतील तर ही नवरा-बायकोची गाडी. गणपतीची मूर्ती, मखर, महाप्रसादाची पातेली हौद्यात मजेत जातील. मुलं दुसऱ्या गाडीने येतील.

पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी फॉर्मवर खुणा करताना आपल्या घराचा, हवेचा आणि खिशाचा विचार केला होता. घेताना आपणही तोच करावा. बिल्ला लोकांनी बघायचा असतो, यादी आपण जगायची असते.