सरळ रेघ वाकडी दिसू लागली तर?

या वाक्यातील पहिल्या शब्दावर नजर रोखून धरा आणि डोळा न हलवता चार ओळी खालचा मजकूर वाचून पाहा. तेथे अक्षरे आहेत हे कळते, पण ती लागत नाहीत. कागद तोच, उजेडही तोच. मग असे का व्हावे?

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूस, प्रकाशसंवेदी पेशींचा पातळ पडदा असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. हे पटल सर्वत्र सारखे कार्यक्षम नसते. त्याच्या मध्याजवळ सुमारे ५.५ मिलिमीटर व्यासाचा पिवळसर भाग असतो. तो पीतबिंदू. त्याच्या मधोमध एक बारीक खळगा असून तेथे शंकुपेशी अगदी दाटीवाटीने बसलेल्या असतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही कामे या चिमुकल्या जागेच्या भरवशावर चालतात.

पीतबिंदू बिघडला की नजरेचा मध्यच बिघडतो. कडेचे मात्र दिसत राहते. असा माणूस घरात न ठेचकाळता वावरतो, पण समोरच्या नातवाचा चेहरा त्याला ओळखू येत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते आणि सगळेच दृश्य धूसर होते. हा फरक माहीत नसल्याने 'मोतीबिंदू असेल, पिकला की काढू' असे म्हणून घरोघरी मोलाचा वेळ जातो.

पन्नाशीनंतर होणाऱ्या पीतबिंदूच्या ऱ्हासाचे दोन प्रकार आहेत. कोरड्या प्रकारात दृष्टिपटलाखाली टाकाऊ द्रव्याचे पिवळट ठिपके साचतात व पेशी हळूहळू, वर्षानुवर्षे झिजतात. ओल्या प्रकारात पटलाखाली नव्या, कमजोर रक्तवाहिन्या उगवतात. त्यांतून रक्त व द्रव झिरपून पटलाला उंचवटा येतो. पडदाच सुरकुतला तर त्यावरील चित्र सरळ कसे दिसणार? म्हणून दाराची चौकट वाकडी, ओळी नागमोडी दिसतात. येथे काही आठवड्यांत कायमची हानी होऊ शकते. मधुमेहातही बारीक रक्तवाहिन्या झिरपून पीतबिंदूला सूज येते, आणि ती तरुण वयातही येऊ शकते.

हा बिघाड ओळखण्याची एक सोपी युक्ती स्वित्झर्लंडचे नेत्रवैद्य मार्क आम्सलर यांनी प्रचारात आणली. ती तुम्हीही करू शकता. पांढऱ्या कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा. त्यात ५ मिलिमीटर अंतराने उभ्याआडव्या रेघा मारा. एकूण ४०० घरे होतील. मधोमध ठळक ठिपका द्या. आता आजीआजोबांना वाचायचा चष्मा लावून, कागद सुमारे ३० सेंटिमीटरवर धरून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायला सांगा. मग दुसऱ्या डोळ्याने. एकेक डोळा तपासणे महत्त्वाचे, कारण चांगला डोळा दुसऱ्याचे वैगुण्य झाकून टाकतो. रेघा वाकड्या दिसल्या, घरे पुसट झाली किंवा मध्ये काळा डाग आला, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जावे. रेघा सरळ दिसल्या तरी डोळ्यांची नियमित तपासणी चुकवू नये, मधुमेह असल्यास तर मुळीच नाही.

ओल्या प्रकारात नव्या रक्तवाहिन्यांना खतपाणी घालणारे एक प्रथिन असते. त्याला अटकाव करणारे औषध, डोळा बधिर करून, इंजेक्शनने डोळ्यात देतात. असे एक औषध, रॅनिबिझुमॅब, अमेरिकेत २००६ साली मान्य झाले. इंजेक्शने पुन्हापुन्हा घ्यावी लागतात, पण बहुतेकांची नजर टिकते. मधुमेहाच्या सुजेवरही हीच औषधे वापरतात. शिवाय रक्तातील साखर ताब्यात हवी. कोरड्या प्रकारात मेलेल्या पेशी परत आणणारे औषध अजून नाही. मध्यम अवस्थेत ठरावीक जीवनसत्त्वे व जस्त यांनी ऱ्हास मंदावतो, हे २००१ साली अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दिसले. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. धूम्रपान मात्र सोडलेच पाहिजे.

आणि तुमचे काय? सूर्याकडे, ग्रहणातसुद्धा, उघड्या डोळ्यांनी पाहू नका. भिंग सूर्यकिरण नेमके पीतबिंदूवर एकवटते. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही. भाजल्याचे कळते ते मागाहून.

चौकटीचा तो कागद आजच काढा. अर्ध्या तासाचे काम आहे. त्याने घरातल्या एखाद्याचे वाचन वाचू शकेल.