गाडीतली दुसरी बॅटरी : इंजिनावर किती, उन्हावर किती?

(समुदाय रेडिओवरील ‘गटाची गाडी’ या कार्यक्रमात झालेलं बोलणं, मैत्रिणींच्या आग्रहावरून लिहून काढलेलं)

चुलीपाशी असाल, गोठ्यात असाल, नाहीतर गटाच्या बैठकीला जमला असाल, असाल तिथून ऐका. आज बोलायचंय बॅटरीबद्दल. “ते गड्यांचं काम, मिस्त्री बघेल,” असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आम्हीही तसंच म्हणत होतो, आणि त्यापायी आमच्या गटाचे नऊ हजार रुपये पाण्यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सांगते.

आमच्या गटानं कर्ज काढून जुनी डिझेल पिकअप घेतली. मागं छप्पर बसवलं, ओटा केला आणि आठवडी बाजारात, यात्रेत झुणका-भाकरी, थालीपीठ विकायला लागलो. पहिल्याच वर्षी शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेला गेलो. संध्याकाळपासून दोन दिवे, पंखा आणि भोंगा गाडीच्याच बॅटरीवर चालू होते. धंदा झकास झाला. रात्री अकराला आवरून चावी फिरवली, तर नुसतं टिक्-टिक्. सेल्फ लागेना. आम्ही पाच बाया, गल्ल्यात दिवसभराची कमाई आणि चहूकडं अंधार. शेवटी यात्रेतल्या चार पोरांनी धक्का मारला तेव्हा कुठं गाडी सुरू झाली.

दोन बॅटऱ्या, दोन स्वभाव

गाडीची मूळ बॅटरी ही सेल्फ मारण्यासाठी असते. क्षणभर खूप ताकद लावायची आणि लगेच विश्रांती घ्यायची, हा तिचा स्वभाव. तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटा पातळ असतात. तिच्याकडून पाच-सहा तास दिवा-पंखा चालवून घेतला आणि असं वारंवार केलं, तर त्या प्लेटा लवकर खराब होतात.

दुसरी जात जाड प्लेटांची. हळूहळू, तासन्‌तास वीज देणं हे तिचं काम. घरच्या इन्व्हर्टरला आपण जी ट्युब्युलर बॅटरी लावतो, ती याच जातीची. युरोपात लोक गाडीतच स्वयंपाक करून, झोपून गावोगाव फिरतात, त्या कॅम्पर व्हॅनमध्ये अशी दुसरी बॅटरी ठेवायची पद्धत जुनी आहे. तिकडं तिला ‘लेझर बॅटरी’ म्हणतात, म्हणजे फावल्या वेळाची. आपल्याला कुठला आलाय फावला वेळ! आपण तिला ‘धंद्याची बॅटरी’ म्हणू.

नियम सोपा आहे. गाडीची बॅटरी गाडीसाठी, धंद्याची बॅटरी धंद्यासाठी. इंजिन बंद असताना एकीनं दुसरीची वीज ओढता कामा नये.

आधी हिशोब, मग खरेदी

गटाच्या वहीत आपण जमा-खर्च लिहितो, तसाच विजेचा लिहायचा. प्रत्येक वस्तूवर वॅट छापलेले असतात. त्याला तासांनी गुणायचं. आमचा बाजारच्या दिवसाचा खर्च असा :

– ९ वॅटचे दोन एलईडी दिवे, ५ तास : ९०
– २० वॅटचा बारा व्होल्टचा पंखा, ६ तास : १२०
– २० वॅटचा भोंगा, ३ तास : ६०
– फोन आणि पैसे जमा झाल्याचं सांगणारा डबा : ४०
– ५०० वॅटचा मिक्सर, सगळा मिळून ६ मिनिटं : ५०

एकूण झाले ३६० वॅट-तास. याला बॅटरीच्या १२ व्होल्टनं भागलं की ३० येतात. हे झाले अँपियर-तास. बॅटरीवर ‘१०० एएच’ लिहिलेलं असतं ते हेच माप.

मग १०० एएचच्या बॅटरीवर तीन बाजार निघतील का? नाही. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नसते. आयुष्य कमी होतं. म्हणजे १०० मधले ५० आपले. ३० खर्च झाले, २० हाताशी राहिले. एवढं ठीक आहे.

इंडक्शन शेगडीचा मोह मात्र नको. १८०० वॅटची शेगडी १२ व्होल्टवर चालवायची तर दीडशे अँपियरच्या वर प्रवाह लागतो. बॅटरी थोड्याच वेळात बसेल आणि तारा तापतील. स्वयंपाकाला गॅसच बरा.

इंजिनाकडून येणारी वीज

इंजिन चालू असलं की पट्ट्यावर अल्टरनेटर फिरतो. जुने मिस्त्री त्याला डायनामो म्हणतात. तो साधारण पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्टनं गाडीची बॅटरी भरतो. त्याच प्रवाहातून धंद्याची बॅटरीही भरता येते, पण मध्ये दार हवं. इंजिन चालू झालं की दार उघडावं, बंद झालं की मिटावं. हे काम रिले करतो. व्होल्टेज ओळखणारा रिले असेल तर तो साधारण १३.३ च्या वर जोडतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो. कुणी बटण दाबायची गरज नाही.

आम्ही इथंच चुकलो. एका गॅरेजवाल्यानं रिलेऐवजी हातानं चालू-बंद करायचं बटण बसवलं आणि घरात वापरतात तसली अडीच स्क्वेअरची तार ओढली. बटण कधी लक्षात राहायचं, कधी नाही. पण खरा घात तारेनं केला.

पातळ नळीतून पाणी लांब न्यायचं तर शेवटच्या टोकाला धार बारीक होते ना? तसंच हे. गाडीच्या पुढून मागच्या बॅटरीपर्यंत पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तार. त्यातून २० अँपियर जात असतील तर अडीच स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेत जवळजवळ १.४ व्होल्ट वाटेतच जिरतात. अल्टरनेटरनं १४.२ दिले, बॅटरीपाशी पोचले १२.८. एवढ्यावर शिशाची बॅटरी धड भरत नाही. प्रवाह कमी होत गेला की ही गळतीही कमी होते, पण तोवर आपण बाजारात पोचून इंजिन बंद केलेलं असतं. तीच तार १० स्क्वेअरची घेतली तर गळती पाव ते एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास राहते. तारेत वाचवलेले पैसे बॅटरीत जातात, मैत्रिणींनो.

अर्धवट भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात. हंड्याला आतून क्षार बसतात तसे. सुरुवातीला ते विरघळतात, पण घट्ट झाले की निघत नाहीत. आमची नवी बॅटरी सहा महिन्यांत अशीच गेली.

आणखी एक. तुमची गाडी नवी, बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर आधी मिस्त्रीला अल्टरनेटर कसला आहे ते विचारा. काही नव्या गाड्यांत डिझेल वाचवण्यासाठी अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज खाली आणतो. तिथं साधा रिले गोंधळतो. अशा गाडीला ‘डीसी-टू-डीसी चार्जर’ घ्यावा. आलेलं व्होल्टेज कमी-जास्त असलं तरी तो बॅटरीला हवं तेवढंच देतो.

उन्हाकडून येणारी वीज

अल्टरनेटर म्हणजे विहिरीवरची मोटर. धो धो पाणी येतं, पण मोटर चालू असेल तेवढाच वेळ. सोलर पॅनल म्हणजे नळाची करंगळीएवढी धार. बारीक, पण दिवसभर.

बॅटरीला दोन्ही लागतात. कारण ती पहिली ८० टक्के भराभर भरते आणि शेवटचे २० टक्के मात्र खूप हळू घेते. आपली धान्याची कणगी काठोकाठ भरताना शेवटी हलवून, दाबून, ओंजळ-ओंजळ टाकावं लागतं, तसं. त्या शेवटच्या २० टक्क्यांना काही तास लागतात. तेवढ्यासाठी इंजिन चालू ठेवणं म्हणजे डिझेल जाळणं. ते काम उन्हानं फुकटात करावं.

१०० वॅटचं पॅनल १०० वॅट देतं ते कडक ऊन, थंड पॅनल आणि सरळ किरण असताना. आपल्याकडं चांगल्या दिवशी पाच तासांच्या पूर्ण उन्हाएवढी शक्ती मिळते. धूळ, उष्णता, टपावर आडवं बसवणं, हे सगळं वजा जाता ३५० वॅट-तास धरावेत. पॅनल तापलं की कमी वीज देतं, म्हणून ते टपाला चिकटवू नका. खालून वारा खेळू द्या. आणि सावली टाळा. झाडाची फांदी एका कोपऱ्यावर पडली तरी वीज निम्म्याच्या खाली येऊ शकते. आम्ही पूर्वी गाडी लिंबाखाली लावायचो. आता गाडी उन्हात, ताडपत्री ओढून आम्ही सावलीत.

पॅनल थेट बॅटरीला जोडायचं नाही. मध्ये चार्ज कंट्रोलर हवा, नाहीतर बॅटरी जादा भरून उकळते. कंट्रोलरमध्ये आपली बॅटरी कोणत्या जातीची ते निवडावं लागतं. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल, मग बॅटरी. बऱ्याच कंट्रोलरवर दिव्याची खूण असलेली जागा असते. दिवे-पंखा तिथं जोडले तर बॅटरी फार उतरल्यावर तो आपोआप तोडतो. मिक्सरचा इन्व्हर्टर मात्र तिथं जोडू नका. तो ४५-५० अँपियर ओढतो. त्याला बॅटरीपासून वेगळी जाड तार आणि वेगळा फ्यूज.

दोघांची बेरीज

बाजारात ३० अँपियर-तास खर्च झाले तर परत भरायला ३५ च्या आसपास लागतात. थोडं वाया जातंच. तार आणि रिले धड असतील तर जाऊन-येऊन दोन तासांच्या प्रवासात २५-३० मिळू शकतात. उरलेले ऊन भरतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी असताना बॅटरी काठोकाठ होते. आषाढ-श्रावणात आभाळ धरलं की पॅनल एक तृतीयांशही देईल-न-देईल. तेव्हा अल्टरनेटरवर भार. उन्हाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली तरी ऊन बॅटरी सांभाळतं. एकानं हात टेकले तर दुसरा उभा.

जिवाला जपायच्या गोष्टी

फ्यूज. धंद्याच्या बॅटरीकडं जाणाऱ्या प्लस तारेला दोन्ही बॅटऱ्यांपाशी, खांबापासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. दोन्हीकडं का? तार मध्ये कुठं घासून बॉडीला लागली तर दोन्ही बाजूंनी प्रवाह धावतो आणि आग लागते. गाडीत गॅसची टाकी आहे, हे विसरू नका.

हवा. शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. बॅटरी हवेशीर पेटीत, घट्ट बांधून, शेगडी आणि सिलिंडरपासून दूर ठेवा.

पाणी. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं धुवत राहा. डोळ्यात गेलं तर धुवा आणि तडक दवाखाना गाठा.

कागद. गाडीत फेरफार करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, उत्तर लेखी घ्या.

मैत्रिणींनी विचारलेले प्रश्न

*ताई, बॅटरी भरली की नाही, हे आम्हाला कसं कळणार?*
साधा मल्टिमीटर घ्या. भरणं आणि वापरणं दोन्ही थांबवून दोन-तीन तासांनी बघा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. आमच्याकडं दर बाजारानंतर हा आकडा वहीत लिहितात. आकडा दर महिन्याला थोडा-थोडा घसरायला लागला की आधीच कळतं.

*लिथियम बॅटरी घ्यावी का?*
हलकी असते, ८०-९० टक्के वापरता येते, टिकतेही जास्त. पण महाग. आणि ती अल्टरनेटरकडून अधाशासारखी ओढते, त्यानं अल्टरनेटर तापून जळू शकतो. घेतलीत तर डीसी-टू-डीसी चार्जर आणि लिथियमला चालणारा कंट्रोलर, हा खर्च आधीच धरा.

*आधी काय घ्यावं, पॅनल की रिले?*
रोज गाडी फिरत असेल तर आधी रिले आणि जाड तार. आठवड्यातून एकदाच निघत असेल तर आधी पॅनल. बॅटरी दोन्हींत एकच.

शेवटी एवढंच. यंदा चैत्रात आम्ही पुन्हा शिंगणापूरला गेलो. रात्री आवरलं, दिवे मालवले, आमच्या आत्याबाईंनी चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. पोरं धक्का द्यायला धावत आली होती. आत्या म्हणाल्या, “जा बाबांनो, यंदा नुसतं थालीपीठ खाऊन जा.”

येत्या बैठकीत वही काढा आणि आपल्या गाडीचा विजेचा हिशोब मांडा. मिस्त्रीकडं जाल तेव्हा तारेची जाडी आणि फ्यूजची जागा तुम्हीच सांगा. नमस्कार.